भाऊंचा पेराग्वे

शारजातल्या अल नहदापासून उम्म अल कुवैनमधल्या आमच्या कंपनीच्या गेटपर्यंत एकेचाळीस किलोमीटर होतात. जायचे एकेचाळीस, यायचे एकेचाळीस. सुट्ट्या आणि आजारपणं वजा केली तर चार वर्षांत आम्ही साधारण अकराशे दिवस एका गाडीतून गेलो-आलो. म्हणजे नव्वद हजार किलोमीटर. त्यांतले निम्मे तरी मी पेराग्वे या देशाबद्दल ऐकण्यात घालवले. मी तो देश मागितला नव्हता.

गाडी मॅथ्यूची. मॅथ्यू केरळचा, आमच्या कंपनीत पर्सोनेल ऑफिसर. पुढच्या सीटवर भाऊ बसत, मागे मी. भाऊ फॅब्रिकेशन शॉपचे फोरमन. पाण्याच्या आणि तेलाच्या लोखंडी टाक्या आम्ही बनवत असू, त्यांचं सगळं वेल्डिंग भाऊंच्या हाताखाली व्हायचं. मूळचे संगमेश्वरच्या बाजूचे, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. उंची बेताची, मनगटं जाड, हातावर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग. मॅनेजरपासून लेबर कॅम्पमधल्या हेल्परपर्यंत सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाऊ मला मात्र "क्यूसी साहेब" म्हणत, आणि त्यात आदर किती आणि टोमणा किती हे मला चार वर्षांत कळलं नाही.

माझं काम क्वालिटी कंट्रोलचं, म्हणजे कागदांचं. प्रत्येक लोखंडी प्लेटवर कारखान्याने एक नंबर ठोकलेला असतो. तोच नंबर प्लेटबरोबर आलेल्या सर्टिफिकेटवर असायला हवा. जुळला तर प्लेट शॉपमध्ये, नाही जुळला तर बाहेर. प्लेट कितीही चांगली असो. मी हे काम वर्षानुवर्षं केलं आणि त्यात माझी एकही चूक निघाली नाही.

"पेराग्वे केवढा, सांगा साहेब," भाऊ पुढच्या सीटवरून मान न वळवता विचारायचे.

"तुम्हीच सांगा."

"महाराष्ट्राच्या सव्वापट."

"एक पूर्णांक बत्तीस शतांश," मी म्हणायचो. मी काढून ठेवलं होतं.

"बघ मॅथ्यू, ये आदमी बैठे बैठे मेरा देश बडा कर देता है."

हा संवाद आमच्यात किमान पन्नास वेळा झाला असेल. मॅथ्यूला मराठी येत नव्हतं, पण कुठे हसायचं ते त्याला पाठ झालं होतं.

देशाची माहिती भाऊंकडे ठरलेल्या क्रमाने यायची. आधी हे, की त्याला समुद्र नाही. चारी बाजूंनी जमीन: ब्राझील, अर्जेंटिना, बोलिव्हिया. मग हे, की मधून पेराग्वे नदी उत्तरेकडून दक्षिणेला वाहते आणि देशाचे दोन तुकडे करते. पश्चिमेचा तुकडा म्हणजे चाको. देशाची निम्म्याहून जास्त जमीन तिकडे, आणि माणसं शंभरातली दोन-तीन. काटेरी झुडपं, खारं पाणी, पावसाळ्यात चिखल आणि उरलेलं वर्ष धूळ. पूर्वेचा तुकडा हिरवा. तांबडी माती, टेकड्या, ओढे, गुरं. "मातीचा रंग आपल्या देवरुखचा," भाऊ म्हणायचे, आणि वाटेतल्या अजमानच्या बाहेर दोन्ही बाजूंच्या पांढुरक्या वाळूकडे बघत राहायचे.

आसुन्सियोन ही राजधानी नदीच्या काठावर. तिथे रस्त्याकडेला संत्र्याची झाडं असतात, पण फळ कडू, कुणी खात नाही. उत्तरेचा वारा सुटला की माणसं चिडचिडी होतात आणि भांडणाला नुसतं निमित्त पुरतं. तिथला झेंडा दोन बाजूंनी वेगळा असतो, पुढे एक चिन्ह, मागे दुसरं. या गोष्टी त्यांना कुठून कळतात असं मी कधी विचारलं नाही. माझा समज असा की पुस्तकातून. मी स्वतः शारजाच्या लायब्ररीत जाऊन ज्ञानकोशात तो देश वाचून आलो होतो. भाऊंच्या सांगण्यातले आकडे कच्चे होते, पण बाकी बहुतेक बरोबर निघत होतं. वाऱ्याबद्दल ज्ञानकोशात काही नव्हतं.

एकदा आमचं चांगलंच वाजलं. दीडशे वर्षांपूर्वी त्या देशाने एकदम तीन देशांशी युद्ध केलं. भाऊ म्हणाले, दहातले नऊ पुरुष मेले. मी म्हटलं, नक्की आकडा कुणालाच माहीत नाही, अभ्यासकांचे अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत.

"मेलेले मोजायला जिवंत माणूस लागतो साहेब. तोच नव्हता."

"मग नऊ कशावरून?"

"बरं, आठ घ्या. आठ चालतील तुम्हाला?"

त्या दिवशी परतताना मॅथ्यूने रेडिओ लावला.

सीरियन लोकांना येर्बा माते नावाचं पाल्याचं पेय लागतं हे भाऊंना शारजात कळलं तेव्हा त्यांना मोठा खजिना सापडल्यासारखं झालं. शारजातल्या रोला भागात एका सीरियन दुकानात पाकीट मिळायचं. पाच दिरहम, म्हणजे त्या वेळचे चौसष्ट रुपये. सीरियन ते गरम पितात. भाऊ बर्फाच्या पाण्यात करायचे, पेराग्वेत उन्हाळ्यात तसंच पितात म्हणून. स्टीलचा पेला, त्यात ओला पाला, आणि शॉपमधल्या भंगारातल्या स्टेनलेस नळीला खालून बारीक भोकं पाडून बनवलेली एक लांब नळी. दुपारच्या सुट्टीत हा पेला फिरायचा. एकच पेला, एकच नळी, सगळ्यांनी आळीपाळीने ओढायचं. नियम असा की मिळालं म्हणून आभार मानायचे नाहीत. आभार मानले की तुम्हाला पुरे झालं असा अर्थ, मग पेला तुमच्याकडे परत येत नाही. पंचावन्न डिग्री तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये बिहारचे वेल्डर, कोकणातले फिटर आणि एक पाकिस्तानी क्रेनवाला आळीपाळीने ती नळी तोंडात धरून बसलेले मी रोज बघत असे. मी एकदाच घेतला आणि लगेच आभार मानले.

त्यांनी शॉपमधल्या सगळ्यांना तिथली भाषाही शिकवली होती. म्हणजे दोन शब्द. सकाळी भाऊ गेटमधून शिरले की म्हणायचे, "म्बाएइशापा?" म्हणजे कसं काय. आणि तीस-चाळीस माणसं हातातलं काम न थांबवता म्हणायची, "इपोरा." म्हणजे छान. ग्वारानी भाषा. भाऊंचं या भाषेवर फार प्रेम होतं. स्पेनहून गोरे आले, त्यांनी तिथल्या लोकांना जिंकलं, आणि मग जिंकणाऱ्यांच्याच मुलाबाळांनी हरलेल्यांची भाषा उचलली. आज ऑफिसात स्पॅनिश बोलतात, पण भांडायचं असेल, विनोद करायचा असेल, पोराला जवळ घ्यायचं असेल तर ग्वारानी. गोरा असो की काळा.

"आणि आमचा हा," असं म्हणून ते मुलाचा विषय काढायचे. मुलगा निखिल, एकुलता एक, शारजातच जन्मलेला. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर. एकदा सुट्टीच्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. भाऊंनी माझ्या मुलीला नकाशा काढून दाखवायला घेतला. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. निखिल सोफ्यावरून म्हणाला, "बाबा प्लीज, नोबडी हॅज इव्हन हर्ड ऑफ इट."

"तू ऐकलंयस ना?"

"बिकॉज यू नेव्हर स्टॉप."

वहिनी आतून म्हणाल्या, "अरे मराठीत बोल की, पाहुणे आलेत." माझी मुलगी त्याच्याकडे बघून हसली, कारण तिलाही इंग्रजीच सोपं जात होतं.

कॅम्पमधले लोक भाऊंच्या पाठीमागे त्यांची नक्कल करत, पण त्यांच्यासाठी ओव्हरटाइमलाही थांबत. माझ्यासाठी कुणी थांबलं नसतं. नवीन प्लेट आली की भाऊ तिच्यावर वेल्डरच्या खडूने आधी पेराग्वेचा आकार काढायचे, मध्ये नदीची रेघ, आणि मग त्याच्यावरच मापं टाकायला घ्यायचे. एकदा ग्राहकाचा इन्स्पेक्टर आला आणि त्याने मला विचारलं, ही खूण कसली. मी रिपोर्टमध्ये 'अनधिकृत मार्किंग' असं लिहिलं. खरं होतं म्हणून लिहिलं. भाऊंना त्याबद्दल कागदी ताकीद मिळाली. दुसऱ्या दिवशी गाडीत त्यांनी एवढंच म्हटलं, "साहेब, तुम्ही माझ्या देशाला आज सरकारी मान्यता दिलीत."

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आमच्या भागातली तीसेक मराठी कुटुंबं संक्रांतीला एकत्र जमायची. तिळगूळ, हळदीकुंकू, मुलांचे नाच, आणि एक वार्षिक अंक: फोटोकॉपी करून स्पायरल लावलेला, चाळीस पानी. अंक तपासायचं काम माझ्याकडे होतं, कारण दुसरं कुणी घेत नव्हतं. त्या वर्षी डिसेंबरात भाऊंनी मला गाडीतच एक लिफाफा दिला. 'पेराग्वे: देश आणि माणसं.' फुलस्केपची सहा पानं, सुबक अक्षर.

लेख बरा होता. मी क्षेत्रफळ दुरुस्त केलं, चार लाख सहा हजारांच्या पुढे सातशे बावन्न घातले. चाकोची 'दोन तृतीयांश जमीन' कापून 'सुमारे साठ टक्के' केली. युद्धातल्या मृतांच्या आकड्यापुढे 'अंदाजे' लिहिलं. आणि मग शेवटच्या परिच्छेदाशी आलो. तिथे लिहिलं होतं: 'सन १९७८-७९ मध्ये मी या देशात चौदा महिने राहिलो. त्या चौदा महिन्यांत मला तिथे कुणीही, तुमचे कागद दाखवा, असं म्हटलं नाही.'

मी ते वाक्य तीन-चार वेळा वाचलं. चार वर्षांत हा माणूस पेराग्वेच्या वाऱ्याबद्दल बोलला होता, संत्र्यांबद्दल बोलला होता, आपण तिथे होतो असं एकदाही म्हणाला नव्हता. मला वाटलं, लेखाला रंग यावा म्हणून लिहिलं असेल. लोक लिहितात असं. पण माझ्या हातून छापला जाणारा अंक. त्यात खोटं नको.

त्यांना विचारता आलं असतं. ते पुढच्याच सीटवर बसत होते. मी विचारलं नाही, कारण माणसाला विचारून तपासणी होत नाही, कागद बघून होते, ही माझी सवय. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मॅथ्यूच्या खोलीत गेलो.

"मॅथ्यू, भाऊ का फाइल देना जरा. एक तारीख देखना है."

"क्यों?"

मी त्याला लेखाबद्दल सांगितलं. तो हसला. "आप भी ना," म्हणाला, आणि कपाटातून फाइल काढून दिली. त्यात माझगावच्या एका वर्कशॉपचं अनुभवाचं सर्टिफिकेट होतं. सत्त्याहत्तर ते ऐंशी, सलग तीन वर्षं, वेल्डर. आमच्या कंपनीने त्याच कागदावर भाऊंना घेतलं होतं.

"ये देखो," मी मॅथ्यूला म्हटलं. "या तो ये गलत है, या लेख गलत है."

मॅथ्यूने फाइल बंद केली. "लेख गलत है. खलास. चाय पियोगे?"

त्याच वेळी मॅनेजर कसल्यातरी सहीसाठी दारात आला. लेबनीज माणूस, घाईत असायचा. आमचे चेहरे बघून त्याने विचारलं, "एनी प्रॉब्लेम?"

"नथिंग, सर," मॅथ्यू म्हणाला.

"स्मॉल मिसमॅच, सर," मी म्हणालो.

हा शब्द मी दिवसातून दहा वेळा वापरत असे. तो तोंडून गेला. मॅनेजरने हात पुढे केला, आणि मॅथ्यूला फाइल द्यावी लागली. मग त्याने मला विचारलं, आणि विचारलं म्हणून मी सगळं नीट समजावून सांगितलं.

त्या महिन्यात दोन मोठी कामं हातची गेली होती आणि कमी करायच्या माणसांची यादी बनत होती. हे मला माहीत होतं. इथे ते लिहून ठेवतो, कारण नंतर मी बऱ्याच जणांना, अगदी माझ्या बायकोलाही, माहीत नव्हतं असं सांगितलं आहे.

नऊ दिवसांनी भाऊंना पत्र मिळालं. खोटं सर्टिफिकेट, करार रद्द, देश सोडण्यासाठी एक महिना.

त्या संध्याकाळी परतताना भाऊ नेहमीसारखे पुढे बसले. अजमान ओलांडलं. मग मॅथ्यूशी बोलायला लागले. माझ्याशी नाही.

"सुनो मॅथ्यू. मैं जहाज पे था. खलाशी. ब्युनॉस आयरिस में बुखार चढा, अस्पताल में डाला, जहाज निकल गया. मेरे पास कपडे थे और कुछ नहीं."

"फिर?"

"फिर एक बार्जवाला बोला, ऊपर चल, नदी से. आसुन्सियोन. वहाँ बोट रिपेअर का यार्ड था. एक बुढ्ढी चलाती थी. उसने हाथ में टॉर्च दिया. वेल्डिंग मैंने उधर सीखा, माझगाव में नहीं."

"तो वही लिखते ना भाऊ."

"किस कागज पे लिखता? बुढ्ढी को लिखना नहीं आता था. बंबई वापस आया, तो एक सेठ ने बोला, मैं लिख देता हूँ. काम असली था, मॅथ्यू. जगह झूठी थी."

मॅथ्यूने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. मग भाऊ पहिल्यांदाच मागे वळले.

"काय साहेब, जुळली का तारीख?"

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"चार वर्षं दुसरं काय सांगत होतो?"

संक्रांतीचा अंक वेळेवर निघाला. भाऊंचा लेख त्यात होता, शेवटच्या दोन वाक्यांशिवाय. ती मी काढून टाकली होती. आता ती खरी होती, पण छापली तर त्यांना आणखी त्रास होईल, असं मी स्वतःला सांगितलं. भाऊ कार्यक्रमाला आले नाहीत. त्यांचा अंक मी मॅथ्यूबरोबर पाठवला.

त्यांचा खरा प्रश्न निखिलचा होता. बारावीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये, केंद्र शारजातच. बापाचा व्हिसा रद्द व्हायच्या आधी बायकोमुलांचा रद्द करावा लागतो. फेब्रुवारीत गेले की परीक्षा गेली, म्हणजे वर्ष गेलं. मार्ग एकच होता: सगळ्यांनी गावी जायचं, आणि इथल्या कुणीतरी निखिलला दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर परत बोलवून आपल्या घरी ठेवायचं. बोलावणारा फॅमिलीवाला हवा, घराचा करार त्याच्या नावावर हवा. आमच्या ओळखीत असे तीन-चार जण होते. त्यांतले दोघे आधीच नाही म्हणाले असणार, नाहीतर भाऊ माझ्या दारात आले नसते.

ते आणि वहिनी आले. वहिनींनी फॉर्म पिशवीतून काढून टीपॉयवर ठेवला. सगळा भरलेला होता, भाऊंच्या सुबक अक्षरात. एक रकाना रिकामा होता. येणाऱ्याचं स्पॉन्सरशी नातं.

"तेवढं तुम्ही लिहा," भाऊ म्हणाले. "पुतण्या लिहा, भाचा लिहा. काय वाटेल ते."

"पण तो माझा पुतण्या नाही."

"नाहीच आहे."

"भाऊ, खाली लिहिलंय, माहिती खोटी निघाली तर..."

"कोण बघतं हो भावजी," वहिनी म्हणाल्या. "सगळेच लिहितात. तुमच्या घरात तो दोन महिने खाली मान घालून अभ्यास करील. मी डबेसुद्धा..." मग त्यांच्या लक्षात आलं की डबे द्यायला त्या इथे नसतील, आणि त्या थांबल्या.

मी म्हटलं, "खोट्या कागदाने एकदा काय झालं ते आपण बघतोच आहोत."

हे वाक्य मी बोललो. त्या वेळी ते मला बरोबर वाटलं होतं. भाऊंनी फॉर्म उचलला, तसाच सरळ धरला, घडी न घालता, आणि वहिनींच्या हातात दिला. दारात चपला घालताना ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे साहेब. तुमचं कधी चुकलंय?" मी ते कौतुक म्हणून घ्यायचा प्रयत्न केला.

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ते गेल्यावर ती म्हणाली, "एक शब्द लिहायचा होता." तिने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पण त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरात कामापुरतंच बोलणं होत होतं.

भाऊ, वहिनी आणि निखिल फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गेले. शॉपमधल्या लोकांनी त्यांना काय दिलं, कुठे निरोप दिला, मला माहीत नाही. मला बोलावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शॉपच्या गेटमधून मी एकटाच शिरलो. शॉपमध्ये ग्राइंडरचा आवाज होता, माणसं काम करत होती, आणि कुणीही वर बघितलं नाही.

तीन आठवड्यांनी समोरच्या बिल्डिंगखाली, बसची वाट बघत, मला निखिल दिसला. गणवेश, पाठीवर दप्तर. मला बघून तो नम्रपणे म्हणाला, "गुड मॉर्निंग, अंकल." समोरची बिल्डिंग मॅथ्यूची.

गाडीत मी आता पुढे बसत होतो. अजमान ओलांडलं आणि मी विचारलं, "मॅथ्यू, फॉर्म पे क्या लिखा?"

"सिस्टर्स सन."

"उसका नाम देखो, तुम्हारा नाम देखो. काउंटरवाला पूछा नहीं?"

"पूछा. बोला, ये कैसे? मैं बोला, हबीबी, मेरी बहन किसी का सुनती नहीं थी. वो हँसा, ठप्पा मारा."

"और पकडे जाते तो? तुम्हारी नौकरी?"

मॅथ्यूने गाडीची लेन बदलली. "जाती."

त्याची बायको नर्स होती, दोन लहान मुलं होती, घर दोन खोल्यांचं. निखिल हॉलमध्ये झोपायचा. नोकरीवरून काढल्याच्या पत्रावर दुसरी सही मॅथ्यूचीच होती, कारण ते त्याचं काम होतं. त्याच हाताने त्याने हा फॉर्मही भरला. या दोन गोष्टी एका माणसात कशा बसतात हे मी बरेच दिवस जुळवून बघत होतो.

निखिलचा शेवटचा पेपर झाला आणि मॅथ्यू त्याला विमानतळावर सोडून आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या बिल्डिंगखाली गाडी थांबवून, इंजिन चालू ठेवून, तो म्हणाला, "कल से आप दूसरा लिफ्ट देख लो."

मी कारण विचारलं नाही. परीक्षा संपेपर्यंत तो थांबला होता, एवढं माझ्या लक्षात आलं. त्यानंतर मी दोन बस बदलून जायला लागलो, पंचावन्न मिनिटांचा दीड तास झाला.

दोन वर्षांनी मे महिन्यात मी सुट्टीवर आलो तेव्हा संगमेश्वरला गेलो. बायकोला सांगितलं, देवदर्शनाला जातोय. भाऊंचं वर्कशॉप हायवेला लागून होतं. पत्र्याची शेड, समोर खिडक्यांच्या ग्रिल्स आणि एक अर्धवट गेट उभं. भाऊ गेटाशी उकिडवे बसले होते. डोक्यावरचे केस पांढरे झाले होते. मला त्यांनी लगेच ओळखलं, उठले नाहीत.

"कधी आलात?"

"परवा. तुमची तब्येत?"

"आहे. निखिल दुसऱ्या वर्षाला आहे, इंजिनिअरिंगच्या." एवढं सांगून ते थांबले, जसं एखादा कागद पुढे ठेवून थांबावं तसं.

"वहिनी कुठे दिसत नाहीत?"

"माहेरी गेलीय."

मी उभाच होतो. काय बोलायचं ते मी बसमध्ये ठरवून आलो होतो, पण त्यातलं पहिलं वाक्य मला सुचेना. मग मी ते बोललो जे मी खास त्यांच्यासाठी शोधून, लिहून आणलं होतं. त्यांच्या लेखात लोकसंख्या मोघम होती, 'पन्नास लाखांच्या आसपास', आणि मला ते तेव्हाही खटकलं होतं.

"भाऊ, तिकडची जनगणना झाली. पेराग्वेची. आकडा आला. एक्कावन्न लाख त्रेसष्ट हजार एकशे अठ्ठ्याण्णव."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी कुठल्यातरी अनोळखी गावाचं नाव घेतल्यासारखं ते बघत होते.

"असेल," ते म्हणाले.

मग त्यांनी काच चेहऱ्यासमोर धरली, होल्डर उचलला. "तिकडे बघा," म्हणाले, "डोळे जातील."

मी रस्त्याकडे तोंड केलं. मागे वेल्डिंग सुरू झालं. ते थांबेल म्हणून मी बराच वेळ तसाच उभा होतो. पण एक रॉड संपला की ते दुसरा लावत होते.